पट्टीबाईंचं न चाललेलं वाक्य

मुलांच्या हाडांच्या इस्पितळात पट्टी म्हणजे एकच, जखमेवरची. ती बदलायची वेळ झाली की वॉर्डातली अर्धी पोरं झोपेचं सोंग घेतात आणि उरलेल्या अर्ध्यांना शू लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी सिस्टरने दारातूनच "या बाई मोजपट्टी घेऊन आल्यात, कुणी नखरे करायचे नाहीत," असं जाहीर केलं, तेव्हा पोरांनी त्यातली फक्त पट्टी ऐकली आणि कोपऱ्यातल्या पलंगावरून भोंगा सुरू झाला. बाई कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभ्या. "अरे, मी काही सोडणार नाही आणि बांधणारही नाही," त्या म्हणाल्या, "मी नुसतं विचारणार आहे." तरी नाव पडायचं ते पडलंच. पट्टीबाई. पुढे मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणू लागले. बाईंनी हरकत घेतली नाही. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव इतकं लांब होतं की दारावरच्या पाटीत मावत नव्हतं.

पट्टीबाई मोजत होत्या ती उमेद. लहान मुलांची, आणि वयात येणाऱ्या पोरापोरींची.

"म्हणजे नक्की काय करतेस गं?" त्यांच्या सासूबाई दर दोन-चार महिन्यांनी नव्याने विचारायच्या. "किलोवर मोजतेस की मीटरवर?"

"सहा वाक्यांवर, आई."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

"मग मोज बाई. आमच्या वेळी फुकट संपवायचे."

चेष्टा असली तरी म्हातारीने दुखरी जागा बरोबर दाबलेली असायची. सहा वाक्यांवर उमेद मोजता येते, हे ऐकून शहाणीसुरती माणसंही हसतात. हसोत बापडी. ताप मोजायला काच लागते, उमेद मोजायला भाषा. मुलाने प्रत्येक वाक्य वाचायचं आणि आपल्याला ते किती लागू पडतं ते 'कधीच नाही'पासून 'नेहमीच'पर्यंत खूण करून सांगायचं. निम्मी वाक्यं विचारतात, बाळा, तुझा स्वतःवर भरवसा आहे का? निम्मी विचारतात, तुला हवं ते मिळवायचे उपाय तुला सुचतात का? दोन्ही लागतात. नुसता भरवसा असला की माणूस भिंतीवर डोकं आपटतो, आणि नुसते उपाय सुचले की गप्पा मारत बसतो.

ही मोजणी मुळात दुसऱ्या भाषेतली. बाईंच्या आधी कुणीतरी तिचं मराठी केलं होतं: 'मी माझ्या जीवनातील उद्दिष्टांच्या पूर्ततेकरिता विविध मार्गांचा विचार करण्यास सक्षम आहे.' एका सहावीतल्या पोराने ते वाचून विचारलं होतं, "हे भरलं नाही तर दंड होतो का?" बाईंनी तो कागद त्याच्यासमोरच फाडला आणि नव्याने सुरुवात केली. आधी 'आशा' हा शब्द घेतला. "तुला पुढची किती आशा आहे?" असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, "एकच आहे. माझी आत्या." दुसरी मुलगी लाजून म्हणाली, "आई सांगते, कुणाच्या ताटाकडे बघून आशा करायची नाही." म्हणजे आशा गेली हावरटपणात. मग बाई उमेदीवर आल्या आणि तिथे ठाम बसल्या.

त्यानंतरची कित्येक वर्षं त्यांनी शाळांच्या मागच्या बाकांवर काढली. पोरं मधल्या सुट्टीत कशी बोलतात, हरल्यावर काय म्हणतात, दुसऱ्याला धीर कसा देतात, सगळं कान देऊन ऐकलं. आणि त्यातून जिवंत, तोंडातली, कुणालाही कळतील अशी वाक्यं काढली. माझं चांगलं चाललंय. अडचणीतून मी वाट काढतो. मी कुणाच्या मागे पडत नाही. शाळाशाळांतून ती तपासली, घासली, पुन्हा तपासली. लोक ती मागून नेऊ लागले. या वाक्यांचा बाईंना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. का लपवावा? आयुष्यभर राबून माणसाने एक चांगली वस्तू केली तर ती दाखवावी.

इस्पितळात त्यांना बोलावलं ते मोठ्या डॉक्टरांनी. उंच, सदा घाईत, स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणारे. आखूड पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण ती शस्त्रक्रिया म्हणजे एका दिवसाचा खेळ नाही. हाड कापायचं, पायाभोवती लोखंडी कड्यांचा सांगाडा बसवायचा आणि पुढे कित्येक महिने पान्याने त्याचे नट रोज थोडे थोडे फिरवायचे, म्हणजे हाड हळूहळू वाढत जातं. पोरं त्याला पिंजरा म्हणत. दुखतं, खाज सुटते, झोप लागत नाही. मध्येच एखाद्याने हात टेकले तर पाय पहिल्यापेक्षा वाईट होऊन बसतो. असं दोन-तीन मुलांचं झालं आणि डॉक्टरांनी ठरवलं, यापुढे एक्स-रे बघायचा, घर बघायचं आणि उमेदही मोजायची. एका रेघेखाली उमेद आली तर पिंजरा नाही.

"रेघ आखायला माझी ना नाही," बाई म्हणाल्या होत्या. "पण एकदा आखली की माणूस बघून हलवायची नाही."

आणि पहिल्या वर्षीच डॉक्टर एका गोड पोरासाठी "दोन गुण वाढवा ना, बिचाऱ्याला आई नाही," असं म्हणायला आले, तेव्हा बाईंनी त्यांना दारातून परत पाठवलं. "मोजपट्टी दयेने लांब होत नाही, डॉक्टर."

मग वकील आली.

ती वकील नव्हती, नुकतीच चौदा पूर्ण झालेली एक किडकिडीत मुलगी होती. लहानपणी मांडीच्या हाडात पू झाला, हाड वाढायचं थांबलं, आणि डावा पाय उजव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड राहिला. काखेत कुबडी आणि तोंडात प्रश्न. वॉर्डात येऊन दुसरा दिवस उजाडायच्या आत तिला वकील हे नाव मिळालं. एक्स-रेवाल्याला तिने विचारलं होतं, "हलू नको म्हणता, श्वास धर म्हणता, आणि वर म्हणता अंग सैल सोड. तिन्ही एकदम तुम्ही करून दाखवा." त्याने करून पाहिलं आणि त्याला ठसका लागला. तिचा बाप रंगारी. नखांत रंग भरलेले हात तो डॉक्टरांसमोर पाठीमागे धरून उभा राहायचा आणि पोरगी बोलायला लागली की हळूच म्हणायचा, "पुरे आता." त्याच्या 'पुरे'त कौतुक इतकं असायचं की ती आणखी जोरात बोलायची.

एक्स-रे चांगला आला. घर चांगलं निघालं. उमेद रेघेखाली गेली. थोडीथोडकी नाही, चांगली खोल.

"पुढच्या वर्षी बघू," डॉक्टर म्हणाले. पण पुढच्या वर्षी ती पंधराच्या पुढे जाणार होती. पंधरा पूर्ण झाली की नाव मुलांच्या विभागातून निघतं, आणि मोठ्यांच्या विभागात ही शस्त्रक्रिया होतच नव्हती. म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्थ कधीच नाही असाच होता. रंगाऱ्याने मान हलवली, पोरीची पिशवी उचलली. आणि वकील गप्प राहिली. एक प्रश्न नाही, एक उलटतपासणी नाही.

ते गप्प राहणं बाईंना खटकलं. जी पोरगी एक्स-रेच्या यंत्राशीही भांडते तिच्यात उमेद नाही? हातातली तिची उत्तरपत्रिका कधी नव्हे ती त्यांना परकी वाटली. ती घेऊन त्या तडक व्यायामाच्या खोलीत गेल्या. वकील दोन दांड्यांच्या मधे उभी होती.

"हे तू घाईत भरलंस का गं?"

"नाही. तुम्ही सांगितलंत खरं खरं भरा, मी खरं खरं भरलं."

"पहिलं वाक्य बघ. 'माझं चांगलं चाललंय.' तू 'कधीच नाही'वर खूण केलीयस."

पोरीने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू चष्मा त्यांचा बदलायला झाला होता. "बघा ना तुम्हीच," ती म्हणाली आणि दांडी सोडून खोलीच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत आली. दर पावलाला अंग एका बाजूला बुडत होतं. "याला चांगलं चाललंय म्हणतात?"

"अगं, चाललंय म्हणजे... एकंदर. शाळा, घर, मैत्रिणी..."

"मग तसं लिहायचं! हाडांच्या इस्पितळात चाललंय म्हटल्यावर कुणाला काय वाटणार?"

"आणि हे? 'अडचणीतून मी वाट काढते'?"

"कुबडी अडकते. आमच्या वर्गात दोन बाकांच्या मधे केवढी अडचण आहे, माहितेय? मागे जायचं तर चौघींना उठवावं लागतं."

"'मी कुणाच्या मागे पडत नाही'?"

"बाई!" आता मात्र वकील खो-खो हसली. "मी सगळ्यांच्याच मागे पडते. शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असते."

"मग शाळेत कशी आहेस?"

"पहिली. म्हणजे, गेल्या खेपेला दुसरी. पण ती चूक वर्गातल्या बाईंची होती, मी दाखवून दिली."

पट्टीबाई आपल्या खोलीत आल्या, दार लावलं आणि कपाटातल्या सगळ्या उत्तरपत्रिका जमिनीवर पसरल्या. ज्या मुलांचे पाय धड नव्हते त्यांच्या खुणा त्याच तीन वाक्यांपाशी घसरल्या होत्या. हात मोडलेल्यांच्या नव्हत्या. पाठीवाल्यांच्या फारशा नव्हत्या. आणि या घसरणीवर बाई एका मोठ्या सभेत उभं राहून बोलल्या होत्या: लंगडणाऱ्या मुलांची उमेद खचलेली असते! लोकांनी माना डोलावल्या होत्या. पोरांची उमेद ठणठणीत होती, लंगडी होती ती बाईंची वाक्यं.

चूक तरी कसली म्हणावी. सरकारी मराठीतल्या त्या जुन्या वाक्यात हा घोळ झाला नसता. ते कुणालाच कळत नव्हतं. बाईंचं मराठी चांगलं होतं म्हणून ते फसलं. आपल्या भाषेत उमेद चालते. पुढे जा, मागे पडू नकोस, पाऊल उचल, वाट काढ, मार्गी लाग, स्वतःच्या पायावर उभा राहा. धडधाकट माणूस हे दिवसातून दहादा बोलतो आणि त्याला त्यात पाय दिसत नाहीत. कुबडी घेतलेल्या पोराला आधी पायच दिसतात.

त्याच दिवशी बाई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे ही मुलगी तुम्हाला आवडली."

"आवडली. त्याचा इथे संबंध नाही."

"मोजपट्टी दयेने लांब होत नाही, असं मला कुणीतरी सांगितलं होतं."

"बरोबर सांगितलं होतं. मी गुण वाढवा म्हणत नाहीये. मी म्हणतेय, माझी पट्टी चुकलीय. ती दुरुस्त करते आणि पुन्हा मोजते. हिलाच नव्हे, याआधी रेघेखाली गेले म्हणून घरी पाठवलेत त्या सगळ्यांना. बोलवा त्यांना."

"आणि तुमचं ते सभेतलं भाषण?"

"ते मागे घेते. लेखी." बाई उठल्या. "पंधरा पुरी व्हायच्या आत मला वेळ द्या, म्हणजे झालं."

आता कामाला खरा रंग चढला. बाईंनी वॉर्डाच्या मधोमध खुर्ची टाकली. पायाचं नाव न घेता उमेदीचं बोलायचं, एवढीच अट. बोलायला सोपं, करून पाहावं. "'माझ्या हातात बरंच काही आहे', हे कसं वाटतं?" त्यांनी विचारलं. खिडकीपाशचा पोरगा म्हणाला, "माझ्या हातात सळई आहे." सगळा वॉर्ड हसला, सिस्टरसुद्धा. 'मला उभारी वाटते' म्हटलं तर तिघे एकदम म्हणाले, "उभं नाही राहायचं अजून, डॉक्टर रागावतील." 'माझ्या वयाच्या मुलांना जमतं ते मलाही जमतं' यावर एक मुलगी शांतपणे म्हणाली, "त्यांना पळता येतं." बाईंनी तेही खोडलं.

शेवटी 'जमणं' टिकलं. 'मला बऱ्याच गोष्टी जमतात.' दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेला एक चिमुरडा त्यावर लगेच म्हणाला, "हो. मला सिस्टरला रडवायला जमतं." "खोटारडा," सिस्टर म्हणाली, पण नाक ओढतच. वाट गेली आणि तिच्या जागी युक्ती आली: 'एक युक्ती फसली तर मला दुसरी सुचते.' मागे पडणंही गेलं आणि आलं, 'मी ठरवलेलं पुरं करतो.' बाकीची तीन वाक्यं बिनपायांचीच होती, ती तशीच राहिली. मग बाई नवी वाक्यं घेऊन त्याच जुन्या शाळांच्या मागच्या बाकांवर गेल्या, धडधाकट पोरांकडून ती भरून घेतली, आणि जुन्या-नव्या पट्टीचा मेळ बसतो की नाही ते पाहिलं. बसला. तेव्हाच त्या स्वस्थ झाल्या.

या सगळ्यात एकीला मात्र त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. नव्या तपासण्यांसाठी वकिलीणबाईंना इस्पितळात यावंच लागत होतं, आणि ती तणतणत बाईंच्या दारात उभी राहायची.

"चूक मी काढली आणि सगळ्यांना विचारताय! मलाच का नाही?"

"तुझाच खटला आहे म्हणून. नवी वाक्यं तू आधी पाहिलीस तर उद्या डॉक्टर म्हणतील, पढवून आणली."

"मी पढवलेली दिसते?"

"नाही. म्हणूनच तुला तशी दिसू देणार नाही. जा."

घरी सासूबाईंना हे सगळं कळलं. "म्हणजे इतकी वर्षं खोट्या मापाने विकलंस?"

"तसंच म्हणा."

"आणि पकडलं कुणी?"

"एका पोरीने दाखवलं, मी पकडलं."

"स्वतःलाच?" म्हातारी हसली. "मग ठीक आहे. चहा टाक."

लोक इतक्या प्रेमाने बोलणारे नव्हते. बाईंनी जिथे जिथे जुनी वाक्यं गेली होती तिथे तिथे कळवलं, की पायाचं दुखणं असलेल्या मुलांसाठी ती वापरू नका, माझी चूक झाली. एका विद्वानाने फोनवर खवचटपणे विचारलं, "तुमची सुप्रसिद्ध पट्टी चुकली म्हणे?" "चुकली," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही ती इतकी वर्षं वापरत होतात, तुम्हाला नाही सापडली." फोन ठेवताना त्यांची मान, खरं सांगायचं तर, जरा जास्तच ताठ होती. असू दे. चूक करायला अक्कल लागत नाही, ती आपल्याच तोंडाने चारचौघांत सांगायला छाती लागते, आणि छाती असलेल्या बाईने ती थोडी पुढे काढली तर बिघडलं कुठे.

फेरमोजणीच्या दिवशी बाई मुद्दाम खोलीबाहेर राहिल्या. कागद सिस्टरने दिला, सिस्टरनेच घेतला. दुपारी समिती बसली: मोठे डॉक्टर, व्यायामाच्या मॅडम आणि पट्टीबाई. रंगारी दाराशी उभा. गुण रेघेच्या वर आले होते, पण डोंगराएवढे नाही, बेताचेच.

डॉक्टरांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. ते जुन्यापैकीच होतं: 'पुढचे दिवस आजच्यापेक्षा चांगले असतील असं मला वाटतं.' वकिलाची खूण होती 'कधीकधी'वर.

"इथे डळमळतेय ती," डॉक्टर म्हणाले. "रेघेच्या वर आहे, मान्य. पण पिंजरा महिनोन्‌महिने असतो, बाई. काठावरची मुलं मध्येच हात टेकतात. मी ती बघितलीत."

बाईंना खूप काही बोलता आलं असतं. पण नियम त्यांचाच होता: गुण बोलतील, बाई बोलणार नाहीत. "तिलाच विचारा," एवढंच त्या म्हणाल्या.

वकील आत आली, कुबडी खुर्चीला टेकवली, बसली. डॉक्टरांनी पिंजऱ्याचं सगळं वाईट वाईट सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. मग विचारलं, "मधेच कंटाळलीस तर?"

"कंटाळीन की."

"रडायला येईल."

"येईल. मी रडते तेव्हा जोरात रडते, सिस्टरला आधी सांगून ठेवा."

"मग सोडून द्यावंसं वाटेल."

दाराशी रंगाऱ्याचे हात आज पाठीमागून पुढे आले होते. "वाटेल," ती म्हणाली. "पण कंटाळा येणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. मला गणिताचा रोज कंटाळा येतो. आणि तिथे 'कधीकधी'वर खूण केली, कारण काही दिवस चांगले असतील आणि काही नसतील. सगळे चांगले असतील असं कुणी 'नेहमीच' लिहिलं असेल, तर त्याला आधी तपासा."

व्यायामाच्या मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. मोठे डॉक्टर दुसऱ्याच्या विनोदाला बहुधा आयुष्यात पहिल्यांदा हसले, आणि कागदावर सही केली. "पुरे आता," रंगारी दारातून म्हणाला.

पट्टीबाईंच्या सहा वाक्यांना जे धड विचारता येत नव्हतं ते त्या पोरीने एका दमात सांगितलं होतं. हेवा वाटावा असंच होतं ते. पण वाटला तो अभिमान, पोरीचा आणि स्वतःचाही, सरमिसळ. तो निवडत बसायला बाईंना वेळ नव्हता. आधी घरी पाठवलेल्यांपैकी दोन पोरं बाहेर बाकावर थांबली होती.

शस्त्रक्रिया पंधराव्या वाढदिवसाच्या आत झाली. पिंजरा बसला. नट फिरवायचं काम बापाने करायचं असं ठरलं होतं. वकिलाने पहिल्याच सकाळी पाना त्याच्या हातातून काढून घेतला. "तुम्ही भिंती रंगवा," म्हणाली.

बाई एकदा तिकडून जाताना आत डोकावल्या. पोरगी ओठ चावून नट फिरवत होती. कपाळावर घाम होता.

"बाई, दुखतंय."

"दुखणारच."

"माहितेय. नुसतं सांगितलं." आणि तिने पाना पुढच्या नटावर लावला.